देशाची काळजी वाटते ना? मग घरातली संध्याकाळची प्रार्थना परत सुरू करा, कशी ते सांगतो

रविवारची उपासना सुटली की आमच्या चर्चच्या कंपाऊंडमधे झाडाखाली आम्ही पुरुषमंडळी थांबतो, आणि विषय ठरलेला, देश कुठे चाललाय. पोरं बिघडली, पुढारी विकले गेले, मंडळीत, म्हणजे आपल्या चर्चमधे, पहिल्यासारखं राहिलं नाही, अमेरिकेत तर बघा काय चाललंय. मलाही मनापासून वाटतं की घसरण झालीये आणि ती खरी आहे, ही नुसती वयाची कुरकुर नाहीये. पण मागच्या वर्षीच्या आधीच्या नाताळात एक पाहुणे पाळकसाहेब आले होते, ते आमचं सगळं ऐकून घेऊन म्हणाले, काल रात्री तुमच्यापैकी किती जणांच्या घरी प्रार्थना झाली? अकरा जण होतो. दोन हात वर गेले. माझा हात खालीच होता.

त्या आठवड्यात घरात परत सुरू केली. मधे मोडली, परत जोडली, परत मोडली, आता जरा बसलीये. नात्यातल्या दोन-तीन घरांनी विचारलं कसं करता, म्हणून एकदाच सगळं लिहून काढतो. हे ख्रिस्ती घरांसाठी आहे, नोकरीधंदा करून रात्री दमून घरी येणाऱ्यांसाठी. कॅथलिक घरांमधे संध्याकाळची रोझरी, म्हणजे माळेवरची प्रार्थना असते, वसईकडे अजून बऱ्याच घरात म्हणतात, त्यांनी त्यांच्या पद्धतीने घ्यावं, मी नगर जिल्ह्यातल्या जुन्या प्रॉटेस्टंट मंडळीतला आहे म्हणून माझ्या माहितीतलं सांगतोय.

घसरण कशाला म्हणायचं ते आधी ठरवा

कारण हे ठरलं नाही तर प्रार्थनेत नुसत्या बातम्या येतात. हल्ली आपल्याकडे देशाच्या अधोगतीबद्दल जे बोललं जातं ते बरंचसं यूट्यूबवरच्या अमेरिकन प्रचारकांकडून उचललेलं असतं, हिंदीत किंवा मराठीत डब केलेलं, आणि त्यांचं आवडतं वचन म्हणजे बायबलमधलं २ इतिहास ७:१४, माझ्या लोकांनी दीन होऊन प्रार्थना केली, दुष्ट मार्ग सोडले तर मी त्यांचा देश बरा करीन. रोनाल्ड रेगन यांनी १९८१ साली अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष म्हणून शपथ घेतली तेव्हा त्यांच्या आईचं बायबल ह्याच वचनावर उघडून ठेवलं होतं. वचन खरंच आहे, देवाचंच आहे. पण नीट वाचा, दीन कोणी व्हायचंय? माझ्या लोकांनी. सरकारने नाही, विरोधी पक्षाने नाही, शेजारच्या धर्माच्या माणसाने तर नाहीच. पेत्राच्या पहिल्या पत्रात ४:१७ ला तर सरळच लिहिलंय की न्यायाला देवाच्या घरापासून सुरुवात होते.

अमेरिकेतल्या भावांबद्दल मला राग नाही, गर्भातल्या बाळाच्या बाबतीत मी त्यांच्याच बाजूचा आहे, लग्न आणि कुटुंब ह्या बाबतीतही. १९७९ साली जेरी फॉलवेल या पाळकांनी मॉरल मेजॉरिटी नावाची संघटना काढली आणि तिथून पुढे त्यांनी चाळीस वर्षं राजकारणात जोर लावला, आपल्या विचारांचे राष्ट्राध्यक्ष निवडून आणले, न्यायाधीश बसले, गर्भपाताचा हक्क देणारा तिथल्या सुप्रीम कोर्टाचा १९७३ चा निकाल २०२२ ला फिरला. आणि त्याच काळात गॅलप ह्या जनमत चाचणी करणाऱ्या संस्थेच्या पाहणीत काय दिसलं, १९९९ ला तिथले साधारण ७० टक्के लोक कुठल्यातरी चर्चचे किंवा दुसऱ्या प्रार्थनास्थळाचे सभासद होते, २०२० ला ४७ टक्के. राजकारणामुळेच बाकं रिकामी झाली असं मी म्हणत नाही, पण राजकारणाने ती भरली नाहीत एवढं तर दिसतंय. घरात शिकवलं नाही तर संसदेत जिंकून पोरगं मंडळीत येत नाही.

आणि आपली गोष्ट वेगळीच आहे. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात आपण १०.८ लाख, म्हणजे शंभरात एक पण पूर्ण नाही. देश परत ख्रिस्ती करा हे वाक्य इथे बोलण्यात काही अर्थच नाही, तो कधी तसा नव्हता, आणि आपण इथे कोणी पाहुणे पण नाही, माझ्या पणजोबांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा आमची वस्ती गावकुसाबाहेर होती पण माती हीच होती. त्यामुळे मोजायची पट्टी आपली घ्या. मी बायबलमधला संदेष्टा आमोस घेतो. आमोसाच्या ८ व्या अध्यायात माप लहान करणारे, तराजूत खोट करणारे, गरिबाला जोड्यांच्या किमतीला विकत घेणारे लोक आहेत, आणि तेच लोक शब्बाथ कधी संपतो ह्याची वाट बघत बसलेत, म्हणजे उपासनेला येणारेच आहेत. ह्या पट्टीने बघा मग. महाराष्ट्रात सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे मुली २००१ ला ९१३ होत्या, २०११ ला ८९४ झाल्या. दहा वर्षांत १९ ने कमी. गर्भलिंग तपासणीला बंदी असताना. ही अधोगती कुठल्या परदेशी सिनेमाने आणली नाही, ती घराघरात, बंद दाराआड, नवरा-बायको-सासू यांच्या संमतीने झाली, आणि आपलं एकही घर त्यात नाही असं छातीवर हात ठेवून कोण सांगेल?

म्हणून मी म्हणतो घरापासून.

वेळ, जागा आणि मोबाईल

माझी आजी राहुरीकडच्या खेड्यातली, शाळेचं तोंड बघितलेलं नाही, दुसऱ्याच्या शेतात खुरपायला जायची. पण दिवेलागणीला कंदिलाची काच राखेने पुसायची, गोधडी अंथरायची आणि घरातल्या सगळ्यांना बसवायची. २३ वं स्तोत्र, १२१ वं स्तोत्र, दहा आज्ञा, प्रभूची प्रार्थना हे सगळं तोंडपाठ, कारण मिशनच्या बायबलबाईंनी ऐकवून ऐकवून पाठ करून घेतलेलं. गाणं कोणीतरी सुरू करायचं आणि शेजारच्या दोन घरांतून पण आवाज लागायचा. आमच्या वस्तीत चोरी झाली, मारामारी झाली, दारू पण होती, मी काही सत्ययुग रंगवत नाहीये. पण भांडण झालेला माणूस संध्याकाळी त्याच गोधडीवर येऊन बसायचा आणि आजी त्याचं नाव घेऊन प्रार्थना करायची, मग सकाळी भांडण पुढे चालवणं अवघड जायचं.

आता दिवेलागणीची वेळ कोणालाच जमत नाही, हे मान्य करून टाका. आमच्याकडे मुलगी साडेसातला क्लासवरून येते, मुलगा दुसऱ्या शिफ्टला असला की अकराला. आम्ही जेवणाच्या लगेच आधी धरतो, ताटं वाढायच्या आधी, कारण जेवणानंतर ठेवलं की एक जण बेडवर आडवा होतो, एक जण टीव्हीपुढे आणि संपलं. ज्या आठवड्यात मुलगा सेकंड शिफ्टला त्या आठवड्यात त्याची आई सकाळी त्याच्या चहाच्या वेळी तेवढंच वचन त्याच्याबरोबर वाचते. सगळे एकत्र नसतील तर जे आहेत त्यांनी करायची, वाट बघत बसायचं नाही.

सुरुवातीला बारा मिनिटं. खरंच बारा, घड्याळ लावून. मी पहिल्या आठवड्यात उत्साहात पाऊण तास घेतला, तीन अध्याय वाचले आणि वर उपदेश केला, चौथ्या दिवशी मुलीने पोट दुखतंय सांगितलं. ती खोटं बोलली ह्याचं कारण मीच होतो. एक गाणं, दहा-पंधरा वचनं, प्रत्येकाची एक-एक वाक्याची प्रार्थना, शेवटी प्रभूची प्रार्थना सगळ्यांनी मिळून. एवढंच. सहा महिन्यांनी आपोआप वीस मिनिटं होतात, कारण पोरं प्रश्न विचारायला लागतात.

मोबाईल एका डब्यात, डबा दुसऱ्या खोलीत, आणि पहिला मोबाईल वडिलांचा गेला पाहिजे. बायबल ॲपवर वाचू म्हणाल तर मी नको म्हणेन, मधेच मेसेज येतो आणि नजर जाते. छापलेलं पवित्र शास्त्र घ्या, प्रत्येकाला वेगळं, त्यावर नाव लिहा.

काय वाचायचं

सरळ पुस्तकं वाचा, इकडचं एक तिकडचं एक करू नका. मार्कापासून सुरू करा, १६ अध्याय आहेत, गोष्ट वेगात जाते, लहान मुलांना पण धरून ठेवते. मग नीतिसूत्रे, ३१ अध्याय, महिन्याच्या तारखेप्रमाणे त्यातली चार-पाच वचनं. मग दानीएल १२ अध्याय आणि आमोस ९. बायबलच्या शेवटच्या पुस्तकाने, प्रकटीकरणाने, सुरुवात करू नका, मी असं एक घर बघितलंय जिथे वर्षभर श्वापदाचा आकडा आणि मायक्रोचिप एवढंच चाललं होतं आणि पोरांना येशूचं डोंगरावरचं प्रवचन माहीत नव्हतं.

दानीएलावर जरा रेंगाळा, विशेष करून घरात कोणी सरकारी नोकरीत असेल किंवा त्या परीक्षा देत असेल तर. तो परक्या राजाच्या दरबारात अधिकारी होता, राजा त्याच्या देवाला मानणारा नव्हता. ६ व्या अध्यायात त्याच्या वैऱ्यांनी त्याच्या कामात खोट शोधायचा प्रयत्न केला आणि राज्यकारभारात त्यांना एकही चूक सापडली नाही, तेव्हा कुठे ते त्याच्या प्रार्थनेवर घसरले. आपल्या पोरांना मी हेच सांगतो, विश्वासामुळे त्रास झाला तर होऊ दे, पण आधी फाईल तरी स्वच्छ असू दे. आणि तो दिवसातून तीनदा गुडघे टेकायचा, खिडक्या उघड्या ठेवून.

मुलं इंग्लिश मीडियमची असतील तर मराठी वाचायला अडखळतील, अडखळू द्या. माझ्या मुलीला सुरुवातीला जोडाक्षरं जमायची नाहीत, "प्रायश्चित्त" ला तर ती थांबायचीच, आता तीच माझ्यापेक्षा चांगली वाचते. इंग्रजीत वाच म्हणून सूट दिली असती तर ते झालं नसतं, आणि आजीशी फोनवर प्रार्थना करताना तिला शब्द सापडले नसते. गाण्यांचं पण तसंच. घरात 'उपासना संगीत' हे आपलं गीतांचं पुस्तक असेलच कपाटात, काढा. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ ला बाप्तिस्मा घेतला आणि त्यानंतर आपल्याला जी गीतं दिली ती अभंगाच्या चालीची, ओवीच्या वळणाची आहेत, पेटी नसली तरी टाळीवर म्हणता येतात. हल्लीची हिंदी-इंग्लिश वर्शिप गाणी मी बंद केली नाहीत, मुलांची आवड आहे, पण आठवड्यातले चार दिवस जुनं गीत. त्या गीतांमधे पापाबद्दल, क्षमेबद्दल, मरणाबद्दल शब्द आहेत, नवीन गाण्यांत बऱ्याचदा फक्त मला काय वाटतंय एवढंच असतं.

पाप कबूल करणं हा भाग गाळू नका

सगळ्यात अवघड हेच आहे आणि सगळ्यात जास्त फरक ह्यानेच पडतो. प्रत्येकाने आपलं एक वाक्य, दुसऱ्याचं नाही. "प्रभू, ह्याला अभ्यासाची बुद्धी दे" ही कबुली नाही, तो टोमणा आहे, असली प्रार्थना घरात ऐकू आली तर तिथेच थांबवा. आई-वडिलांनी आधी बोलायचं.

माझंच सांगतो. मुलाच्या ॲडमिशनच्या वेळी एका दाखल्यासाठी मी एका ऑफिसात पैसे दिले होते. तारीख जवळ आलेली, सगळेच देतात, मी पण दिले, आणि घरी येऊन देवाचे आभार मानले की काम झालं. दोन वर्षांनी जक्कय ह्या जकातदाराचा भाग वाचताना, लूक १९, तो म्हणतो ज्याचं मी अन्यायाने घेतलं त्याला चौपट परत देतो, तिथे माझा आवाज बंद झाला. मी पोरांसमोर सांगितलं. मुलगा म्हणाला, पपा तेव्हा मी तुमच्याबरोबर होतो, मला माहितीये. म्हणजे ज्या पोराला मी देश कसा सडलाय ते रोज सांगत होतो, त्याने ती सड माझ्याच हातातून जाताना बघितलेली.

आता नियम असा केलाय आणि तुम्ही पण करा. दाखले, उतारे, प्रमाणपत्रं यांची कामं शेवटच्या आठवड्यावर ठेवायची नाहीत, कारण लाच घाईत दिली जाते. महाराष्ट्रात २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा आहे, त्यात प्रत्येक सेवेला दिवस ठरलेले असतात, आपले सरकार पोर्टलवर अर्ज केला की पावती मिळते, मुदत उलटली तर वरच्या अधिकाऱ्याकडे अपील करता येतं. पैसे मागितले तर लाचलुचपत विभागाचा १०६४ नंबर आहे. वेळ जातो, चकरा होतात, मुलीच्या दाखल्याला मला चार चकरा झाल्या, पण झाला. निर्गम २३:८ पोरांना पाठ करायला द्या, लाच डोळस माणसाला आंधळं करते असं त्यात आहे.

ह्यातच लग्नाच्या कर्जाचं पण येतं. आपल्यात हुंडा नाही असं आपण मोठ्याने सांगतो आणि मग हॉल, बँड, केक, सोनं, गाडी, मुलीच्या बापाने पतसंस्थेकडून उचललेले पैसे सात वर्षं फेडायचे. त्याला कुठलं सरकार जबाबदार? घरात लग्न ठरलं की पहिल्या बैठकीच्या आधी दोन्ही घरांनी मिळून प्रार्थना करा आणि आकडा तिथेच ठरवा, नंतर ठरत नाही.

राज्यकर्त्यांसाठी प्रार्थना, नाव घेऊन

१ तीमथ्य २ मधे पौल सांगतो की राजांसाठी आणि सगळ्या अधिकाऱ्यांसाठी विनंत्या करा. रोमच्या सम्राटांच्या काळात लिहिलेलं आहे हे, त्यांच्यातला एकही ख्रिस्ती नव्हता. एक शंभर पानी वही करा. त्यात वॉर्डाचा नगरसेवक किंवा गावचा सरपंच, आमदार, खासदार, कलेक्टर, आपल्या चौकीचे पोलीस इन्स्पेक्टर, मुख्यमंत्री, पंतप्रधान, विरोधी पक्षनेते, सगळ्यांची नावं लिहा, रोज एक. ज्याला तुम्ही मत दिलं नाही, ज्याचं नाव टीव्हीवर आलं की तुमचं डोकं तापतं, त्याचं नाव पहिल्या पानावर लिहा.

आणि प्रार्थनेत भाषण नको. देवाला माहिती देऊ नका की अमुक पक्षाने काय केलं. त्या माणसाला न्यायाची बुद्धी मिळो, त्याचं घर नीट राहो, गरिबाचं काम त्याच्या हातून होवो, तो खोटं बोलत असेल तर त्याला लाज वाटो. दोन महिने हे केल्यावर मला एक जाणवलं की माझी जीभ बदलली, चहाच्या टपरीवर त्या माणसाला शिवी देताना अडखळायला लागलो, कारण काल रात्री त्याच्या मुलांसाठी देवाकडे काहीतरी मागितलं होतं. विरोध कमी झाला नाही माझा, अजिबात नाही.

व्हॉट्सॲपचं पण इथेच सांगतो. नववी आज्ञा खोट्या साक्षीची आहे. ज्या बातमीला तारीख नाही, गावाचं नाव नाही, कुठल्या पेपरात आली ते कळत नाही, ती पुढे पाठवायची नाही, मग ती आपल्या लोकांच्या छळाची असली तरी. विशेष करून तेव्हा. कुठल्यातरी दुसऱ्या देशातला जळणाऱ्या चर्चचा फोटो आपल्या जिल्ह्याचा म्हणून फिरतो आणि दुसऱ्या दिवशी तरुण पोरं भडकतात, आणि मग खरोखर कुठे अन्याय झाला की लोक त्यावर पण विश्वास ठेवत नाहीत. खरा त्रास झाला असेल तर तारीख, वेळ, साक्षीदार लिहून ठेवा, पोलिसात लेखी तक्रार द्या, पोच घ्या. संविधानाचं २५ वं कलम आपल्याला आपला धर्म मानायचा, पाळायचा आणि सांगायचा हक्क देतं, तो शांतपणे वापरायचा.

निवडणूक आली की

इथे मी कडक आहे. पुलपिट, म्हणजे चर्चमधली उपदेशाची जागा, कुठल्याच पक्षाला द्यायचं नाही, आपल्या बाजूच्या पक्षाला तर मुळीच नाही. उमेदवार रविवारी उपासनेला आला तर येऊ द्या, मागच्या बाकावर बसू द्या, वचन ऐकू द्या, पण माईक नाही, शाल-श्रीफळ नाही. हे नुसतं माझं मत नाहीये. आचारसंहितेत मंदिर, मशीद, चर्च ही प्रचाराची जागा नाही असं स्पष्ट आहे, धर्मस्थळांचा राजकारणासाठी वापर रोखणारा १९८८ चा वेगळा कायदा आहे, आणि धर्माच्या नावाने मत मागणं लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या १२३ व्या कलमाखाली भ्रष्ट आचरण ठरतं, सुप्रीम कोर्टाच्या सात न्यायाधीशांच्या पीठाने बहुमताने २ जानेवारी २०१७ ला ते आणखी पक्कं केलं. तुमच्या पंचकमिटीला हे माहीत नसेल तर कागद छापून द्या.

एका मंडळीत निवडणुकीच्या आधी उमेदवाराने कंपाऊंडच्या भिंतीला रंग लावून दिला, खुर्च्या दिल्या, आणि पुढच्या रविवारी पाळकांनी उपासनेतल्या सूचना सांगताना त्याचे आभार मानले. आभार मानताना काय झालं? समोर बसलेल्या बायकांपैकी एकीच्या नवऱ्याची जागा त्याच माणसाच्या लोकांनी बळकावली होती. ती त्यानंतर आली नाही. शंभर खुर्च्या आल्या आणि एक मेंढरू गेलं, आणि कोणी तिच्या घरी विचारायला पण गेलं नाही. असं देणं आलं तर कमिटीने एक ओळीचं पत्र द्यावं, निवडणूक होईपर्यंत मंडळी कुठल्याही उमेदवाराकडून दान घेत नाही, आणि ते नोटीस बोर्डावर लावावं, म्हणजे पुढचा मागायलाच येत नाही.

मग मत कसं ठरवायचं? उमेदवाराने अर्जाबरोबर शपथपत्र दिलेलं असतं, त्यात गुन्हे, मालमत्ता, कर्ज, शिक्षण सगळं असतं, निवडणूक आयोगाच्या साईटवर मिळतं. घरात मतदानाच्या आधीच्या शनिवारी सगळ्यांची शपथपत्रं काढा आणि मुलांसमोर वाचा, अठरा पूर्ण नसली तरी. मीखा ६:८ बाजूला उघडून ठेवा, न्याय, दया, नम्रता, ह्या तीन शब्दांखाली प्रत्येकाबद्दल काय माहितीये ते बोला. नवऱ्याने बायकोला कुठे मत द्यायचं ते सांगायचं नाही. पैसे, साडी, कुकर काही घ्यायचं नाही, घेऊन मत दुसऱ्याला देतो म्हणणारे आपल्यात पुष्कळ आहेत, ती दुप्पट खोटी गोष्ट आहे.

ह्याचा अर्थ राजकारणापासून लांब राहा असा नाही. पंडिता रमाबाईंचं बघा, १८८९ च्या मुंबईच्या काँग्रेस अधिवेशनाला त्या प्रतिनिधी म्हणून होत्या. आणि १८९७ च्या प्लेगमधे पुण्याच्या प्लेग हॉस्पिटलात बायकांचे काय हाल होतात ते त्यांनी पेपरात पत्र लिहून उघड केलं, सरकारवर ठपका ठेवला. सरकार कोणाचं होतं? इंग्रजांचं, स्वतःला ख्रिस्ती म्हणवणाऱ्यांचं. त्यांनी आपला-परका बघितला नाही. केडगावला आपल्या मुक्ती मिशनमधे त्याच बाई मुलींना घेऊन प्रार्थना करत होत्या, आणि आयुष्याच्या शेवटापर्यंत बायबलचं साध्या मराठीत भाषांतर करत होत्या. संविधान सभेचे उपाध्यक्ष हरेंद्र कुमार मुखर्जी ख्रिस्ती होते, अल्पसंख्याकांच्या समितीचं काम त्यांच्याकडे होतं, आणि १९४९ ला धर्माच्या नावावरच्या राखीव जागा नकोत ह्या बाजूने ते उभे राहिले. ह्या लोकांच्या गोष्टी संडे स्कूलमधे सांगितल्याच जात नाहीत, आपल्या पोरांना परदेशी मिशनरी पाठ आणि इथली माणसं माहीत नाहीत.

हक्काचं असेल तिथे मागायचं पण. राष्ट्रपतींच्या १९५० च्या आदेशाने अनुसूचित जातीतून ख्रिस्ती झालेल्यांच्या सवलती गेल्या, शिखांना १९५६ ला आणि बौद्धांना १९९० ला परत मिळाल्या, आपला प्रश्न अजून लोंबकळतोय. त्यासाठी निवेदन द्या, मोर्चात चाला, कोर्टात जा, मी पण गेलोय मोर्चाला. फक्त ते रस्त्यावर, कायद्याने, दिवसाढवळ्या. आणि त्या सवलतीसाठी कागदावर हिंदू आणि रविवारी ख्रिस्ती असं जगू नका. मला माहितीये हे लिहिणं सोपं आणि ज्याच्या पोराची फी भरायचीये त्याला किती जड आहे, अशा घराला दोष देण्यापेक्षा मंडळीने त्या पोराची फी भरावी, आपल्या कापणीच्या सणाच्या लिलावातला पैसा ह्यासाठी बाजूला काढता येतो.

घरात कोणी बसत नसेल तर

बायको एकटी असेल तर एकटीने बसावं, नवऱ्याला ओढू नये, त्याच्यावर प्रार्थनेतून बाण मारू नयेत, मोठ्याने वाचावं म्हणजे बाहेरच्या खोलीत ऐकू जातं. कॉलेजातला मुलगा नाही म्हणाला तर त्याच्यावर जबरदस्ती करू नका, त्याला एकच काम द्या, गाणं निवडायचं किंवा वहीतलं आजचं नाव वाचायचं. हिंदू सासर-माहेर असेल, पाहुणे आले असतील तर त्यांना आधी सांगा की आमची प्रार्थनेची वेळ आहे, बसलात तर आनंद, नाहीतर चहा घ्या. आमच्या शेजारच्या काकू बसतात कधीकधी, त्या गेल्या वर्षी आजारी होत्या तेव्हा त्यांचं नाव वहीत होतं, त्यांनी ते बघितलं आणि काही बोलल्या नाहीत, दुसऱ्या दिवशी पुरणपोळ्या आणून दिल्या.

कोणी यूट्यूबवरचे प्रचारक लावून हीच आमची उपासना म्हणत असेल तर त्याला विचारा, तो प्रचारक तुझ्या आईच्या मयताला येणार आहे का? बियाणं म्हणून ५०० रुपये पाठवा, शंभरपट मिळेल म्हणतात आणि खाली क्यूआर कोड असतो, त्याला सुवार्ता म्हणत नाहीत. आपले पाळकसाहेब साधं बोलतात, कधी कंटाळवाणं बोलतात, पण रात्री दोनला सिव्हिल हॉस्पिटलला येतात.

मोडली तर? मोडतेच. कोणी वारलं, गावाला गेलो, आयपीएल, परीक्षा. आमची एकदा सलग सव्वीस दिवस मोडली होती. मागचं भरून काढायला जाऊ नका, त्या दिवसाची जी वचनं आहेत तिथून धरा. आणि पहिल्या संध्याकाळी काय वाचायचं असं विचाराल तर मार्क पहिला अध्याय, १ ते १५ वचनं, साधारण दोन मिनिटं लागतात, घरातल्या सगळ्यात लहान ज्याला वाचता येतं त्याच्या हातात पुस्तक द्या. वहीतलं पहिलं नाव तुमचं तुम्हाला माहितीच आहे.